‘अकिरा’च्या मैदानाखाली काय पुरले आहे?

१/ २८ फेब्रुवारी २०२०. टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला त्या दिवशी बरोबर १४७ दिवस उरले होते. जपानी समाजमाध्यमांवर अचानक एका जुन्या चित्रपटातले दृश्य फिरू लागले. रात्रीची वेळ, बांधकामाच्या कुंपणापाशी उभा असलेला एक फलक, त्यावर ‘टोकियो ऑलिंपिकला आता १४७ दिवस’ अशी घोषणा आणि त्याच फलकावर कुणीतरी खरडलेले : ‘रद्द करा, रद्द!’ महिना उलटायच्या आत, २४ मार्चला, ऑलिंपिक पुढे ढकलल्याची घोषणा झाली. तो चित्रपट १९८८ सालचा होता. नाव ‘अकिरा’.

२/ तेव्हापासून या चित्रपटाची ओळख ‘भविष्य अचूक सांगणारा अ‍ॅनिमे’ अशीच करून दिली जाते. मागच्या धाग्याखाली तुमच्यापैकी अनेकांनी विचारले होते, की ‘अकिरा’ला मिळालेली कीर्ती रास्त आहे का, की तो नुसताच गाजवलेला चित्रपट आहे? उत्तर लांबलचक आहे, म्हणून हा स्वतंत्र धागा. माझे मत आधीच सांगून टाकतो : चित्रपट थोर आहे, पण भविष्यवेत्ता म्हणून मुळीच नाही. त्यातले जवळजवळ सगळे आधीच घडून गेलेले आहे. आणि जिथे तो हे घडून गेलेले विसरतो, तिथेच तो पडतो.

३/ एक सूचना : कथा शेवटापर्यंत उलगडून सांगणार आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहावा आणि घरातल्या लहान भावंडांना शेजारी बसवू नये. हिंसा पुष्कळ आहे. आणखी एक सूचना : नुसते ‘अकिरा’ असे शोधल्यास २०१६ चा सोनाक्षी सिन्हांचा हिंदी चित्रपट समोर येतो. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. (वसतिगृहात आमच्या एका मित्राने चुकून तो लावला आणि अर्धा तास कुणालाच कळले नाही.)

४/ थोडक्यात कथा. १६ जुलै १९८८ रोजी, म्हणजे चित्रपट ज्या दिवशी जपानमध्ये प्रदर्शित झाला त्याच तारखेला, टोकियोवर एक पांढरा गोल निःशब्दपणे फुगत जातो आणि शहर नाहीसे होते. तिसरे महायुद्ध होते. एकतीस वर्षांनंतर, २०१९ मध्ये, उपसागरात ‘निओ-टोकियो’ उभे आहे. उंच झगमगते मनोरे, खाली बेकार तरुण, मोटारसायकलींच्या टोळ्या, रोजचे मोर्चे. कानेदा आणि तेत्सुओ हे अनाथाश्रमात एकत्र वाढलेले मित्र. अपघातानंतर लष्कर तेत्सुओला उचलून नेते, त्याच्यावर प्रयोग करते आणि त्याच्यात अशी मानसिक शक्ती जागी होते, जी त्याला आवरत नाही. या शक्तीचा मूळ पुरुष म्हणजे ‘अकिरा’ नावाचा एक मुलगा. तो कुठे आहे? बांधून होत आलेल्या ऑलिंपिक मैदानाच्या खाली, गोठवलेल्या तळघरात.

५/ हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. माझ्या मते सगळा चित्रपट त्यात सामावलेला आहे. देशाचा सर्वांत मोठा उत्सव ज्या जागेवर साजरा व्हायचा, त्याच जागेच्या पायाखाली देशाने आपली सर्वांत मोठी आपत्ती दडवून ठेवली आहे.

६/ आता खरे टोकियो. १९६४ च्या ऑलिंपिकचे राष्ट्रीय मैदान मेइजी देवस्थानाच्या बाह्य उद्यानात होते. १९५८ मध्ये ते जुने मैदान पाडून बांधले गेले. त्या जुन्या मैदानावर २१ ऑक्टोबर १९४३ रोजी, पावसात, हजारो विद्यापीठीय विद्यार्थी खांद्याला बंदुका लावून संचलन करत गेले होते. युद्ध हरत चालले होते आणि तोवर शिक्षणासाठी सैन्यभरतीतून सूट मिळालेल्या विद्यार्थ्यांची सूट काढून घेण्यात आली होती. पंतप्रधान तोजो स्वतः निरोपाला उभे होते. त्या मुलांपैकी अनेक परत आले नाहीत.

७/ एकवीस वर्षांनी, १० ऑक्टोबर १९६४ रोजी, त्याच जागी स्वच्छ निळ्या आकाशाखाली ऑलिंपिक ज्योत पेटली. ती पेटवणारा धावपटू योशिनोरी साकाई. त्याचा जन्म ६ ऑगस्ट १९४५ चा, हिरोशिमा जिल्ह्यातला. निवड मुद्दाम केली होती : राखेतून उठलेला जपान जगाला दाखवायचा होता. त्याच महिन्याच्या १ तारखेला शिंकान्सेन धावू लागली होती. शहरभर उन्नत महामार्ग उभारले गेले होते. ज्या निहोनबाशी पुलापासून जपानातील रस्त्यांची अंतरे मोजली जात, त्या पुलाच्याच डोक्यावरून १९६३ मध्ये महामार्ग नेण्यात आला. नदी, पूल, आकाश, सगळे काँक्रीटखाली गेले.

८/ आणि हेच मैदान २०१५ मध्ये पाडून त्याच जागी तिसरे बांधले गेले. ते पूर्ण झाले नोव्हेंबर २०१९ मध्ये. म्हणजे ‘अकिरा’तल्या काळात! इथे माझ्याही अंगावर शहारा आला होता, खोटे कशाला बोलू. पण शहारा आला म्हणजे भाकीत सिद्ध झाले असे नव्हे. कात्सुहिरो ओतोमो यांना २०२० दिसले नव्हते. त्यांनी १९६४ पाहिले होते आणि ते पुढे ढकलून लावले.

९/ ओतोमो यांचा जन्म १९५४ चा, ईशान्य जपानातल्या मियागी जिल्ह्यातला. ऑलिंपिक झाले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. शालेय शिक्षण संपवून सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते टोकियोत आले, तेव्हा विद्यार्थी चळवळीची धग नुकतीच विझली होती. ‘अकिरा’ची रचना करताना आपण शोवा काळाचा, म्हणजे युद्ध, पराभव, आंदोलने, ऑलिंपिक आणि आर्थिक भरभराट यांचाच इतिहास मनात धरला होता, अशा आशयाचे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलेही आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून सोपी किल्ली कुठे मिळणार?

१०/ ही किल्ली घेऊन चित्रपटाचा पहिला तास पुन्हा पाहा. रस्त्यावर हेल्मेट घातलेले निदर्शक, ढालींमागे दंगलविरोधी पोलीस, अश्रुधूर, पळापळ. हे कल्पित २०१९ नव्हे. ही १९६० ते १९७० या दशकातली छायाचित्रे आहेत, हाताने पुन्हा रंगवलेली.

११/ थोडा तपशील देतो, कारण आपल्याकडे हा इतिहास फारसा शिकवला जात नाही. १९६० मध्ये पंतप्रधान नोबुसुके किशी यांनी अमेरिकेबरोबरचा सुरक्षा करार (जपानी लघुरूप ‘आनपो’) नव्याने मंजूर करून घेतला. त्याविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर आले. १५ जून १९६० रोजी संसदेच्या आवारातील झटापटीत टोकियो विद्यापीठाची विद्यार्थिनी मिचिको कांबा मृत्युमुखी पडली. अमेरिकेच्या अध्यक्षांचा दौरा रद्द झाला, किशींनी राजीनामा दिला, पण करार राहिला. पुढे १९६८-६९ मध्ये विद्यापीठेच बंद पडली. जानेवारी १९६९ मध्ये टोकियो विद्यापीठातील यासुदा सभागृह पोलिसांनी दोन दिवसांच्या वेढ्यानंतर मोकळे केले. नारिता विमानतळासाठी जमिनी देण्यास नकार देणारे शेतकरी आणि त्यांच्या बाजूचे विद्यार्थी १९६६ पासून लढत होते. विमानतळ सुरू झाला तो १९७८ मध्ये, आणि त्याच्या दोनच महिने आधी आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रे फोडली होती.

१२/ मग ही चळवळ आतून कुजली. १९७२ मध्ये ‘संयुक्त लाल सेना’ या गटाने डोंगरातल्या तळांवर आपल्याच डझनभर साथींना ‘आत्मपरीक्षणा’च्या नावाखाली मारले. त्यानंतर असामा पर्वतानजीकच्या एका विश्रामगृहात उरलेल्यांचा वेढा दहा दिवस चालला आणि सगळ्या देशाने तो दूरचित्रवाणीवर पाहिला. जपानी समाजाचा आंदोलनावरचा विश्वास त्या दिवसांत उडाला, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘अकिरा’तला क्रांतिकारी गट आठवा. धीट आहेत, पण कुणाच्या तरी हातचे बाहुले. त्यांचा सूत्रधार नेझू हा स्वतःच सत्ताधारी परिषदेत बसतो आणि शेवटी आपल्याच माणसावर गोळी झाडतो. हा कडवटपणा १९७२ नंतरचा आहे.

१३/ मोटारसायकलींच्या टोळ्याही कल्पित नव्हेत. ‘बोसोझोकु’ या नावाने त्या जपानी रस्त्यांवर गाजत होत्या आणि १९८२ च्या सुमारास त्यांची सदस्यसंख्या पोलिसांच्या हिशेबाने चाळीस हजारांच्या वर होती. त्याच वर्षी डिसेंबरात ‘यंग मॅगझीन’ या नियतकालिकात ‘अकिरा’ची मांगा सुरू झाली. आंदोलनाची भाषा उरलेली नाही, पण राग शिल्लक आहे, अशी ही पिढी. शाळेतले ते दृश्य मला फार बोलके वाटते : मास्तर मुलांना रांगेत उभे करून एकेकाला ठोसे लगावतो आणि मुले मार खाऊन वर त्याचे आभार मानतात. वीस सेकंदांत बराकीतली शिस्त शाळेपर्यंत कशी पोचली ते कळते. (आपल्याकडच्या छडी खाल्लेल्या पिढीला हे दृश्य परके वाटणार नाही.)

१४/ आता जरा अवघड भागाकडे. लष्कराच्या ताब्यात तीन मुले आहेत. चेहरे म्हाताऱ्यांचे, देह बालकांचे. त्यांच्या तळहातांवर क्रमांक कोरलेले : २५, २६, २७. अकिराचा क्रमांक २८, तेत्सुओचा ४१. जपानी वाचकाला २८ हा आकडा लगेच ओळखू येतो. मित्सुतेरू योकोयामा यांची ‘तेत्सुजिन २८’ ही मांगा १९५६ ते १९६६ या काळात मुलांत अफाट लोकप्रिय होती. त्यात युद्धाच्या अखेरीस जपानी सैन्याने गुप्त अस्त्र म्हणून बनवलेला एक प्रचंड यंत्रमानव युद्धानंतर एका मुलाच्या हाती येतो आणि तो मुलगा दूरनियंत्रकाने त्याला चालवून चोरदरोडेखोर पकडतो. त्या मुलाचे नाव शोतारो कानेदा. ‘अकिरा’च्या नायकाचेही तेच. कर्नलचे शिकिशिमा हे आडनावही तिथलेच.

१५/ ओतोमो यांनी इथे काय केले ते पाहा. पन्नाशीतल्या जपानने मुलांना सांगितले होते : युद्धातले अस्त्र आता तुमच्या हातात आहे, चांगल्या कामाला लावा, चिंता करू नका. ओतोमो ती गोष्ट उलटी फिरवतात. अस्त्र आता यंत्र नाही. अस्त्र म्हणजे मूलच आहे. दूरनियंत्रक कुणाच्याच हाती नाही.

१६/ आणि मुलांना क्रमांक देऊन प्रयोग करणारे लष्करी वैद्यकशास्त्र? मांचुरियातील ‘युनिट ७३१’ने, शिरो इशी यांच्या नेतृत्वाखाली, हजारो कैद्यांवर जिवंतपणी प्रयोग केले. त्यांना ‘मारुता’ म्हणत, म्हणजे लाकडाचे ओंडके. युद्धानंतर अमेरिकेने प्रयोगांच्या नोंदी घेतल्या आणि बदल्यात इशी व त्यांच्या सहकाऱ्यांना खटल्यापासून वाचवले. जपानी जनतेत हा विषय खऱ्या अर्थाने उघड झाला तो १९८१ मध्ये, सेइइची मोरिमुरा यांच्या अतिशय खपलेल्या पुस्तकामुळे. १९८२ च्या उन्हाळ्यात शालेय पाठ्यपुस्तकांतील आक्रमणाच्या वर्णनावरून चीन आणि कोरियाने निषेध नोंदवला. त्याच वर्षाअखेर ‘अकिरा’ सुरू झाली. तिच्या पहिल्या वाचकांनी हे सगळे नुकतेच वर्तमानपत्रांत वाचलेले होते.

१७/ चित्रपटात शेवटी मैदानाखालचे गोठणघर फुटून वर येते, तेव्हा आत मुलगा नसतोच. असतात काचेच्या बरण्या. अकिराचे शरीर कापून, भाग वेगळे करून, नमुने म्हणून ठेवलेले. मी हे दृश्य पहिल्यांदा पाहिले तेव्हा फक्त किळस आली होती. नंतर अभ्यासक्रमासाठी वाचताना पुढची नोंद सापडली आणि मी पुस्तक मिटून बसलो.

१८/ जुलै १९८९. ‘अकिरा’च्या प्रदर्शनाला वर्ष झालेले. टोकियोच्या शिंजुकू भागातील तोयामा येथे एका सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या इमारतीसाठी पाया खणताना माणसांची हाडे सापडली. एकदोन नव्हे, अनेक डझन व्यक्तींची. काही कवट्यांवर करवतीच्या आणि छिद्रे पाडल्याच्या खुणा. युद्धकाळात त्या जागी लष्करी वैद्यकीय महाविद्यालय होते आणि इशी तेथेच प्राध्यापक होते. हाडे नेमकी कुणाची, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला.

१९/ आता कुणी म्हणेल, पाहा, हेही भाकीत खरे ठरले! नाही हो. हाडे तिथे १९४५ पासूनच होती. शहरात अशा जागा आहेत आणि त्यांवर आपण नवे मजले चढवत चाललो आहोत, हे कुणाला तरी ठाऊक होते, कुणाला जाणवत होते. कलावंताला जाणवले. भाकितापेक्षा हे कितीतरी अवघड काम आहे. २०२० मध्ये ‘१४७ दिवस’ जुळले हा योगायोग. मैदानाखाली बरण्या असणे हा योगायोग नव्हे.

२०/ तंत्राबद्दल चार ओळी, कारण त्यावर जगभर भरपूर लिहिले गेले आहे. सुमारे १,६०,००० सेल, ३२७ रंगछटा, त्यांतल्या ५० खास या चित्रपटासाठी तयार केलेल्या. संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग ओठांच्या हालचाली रेखाटल्या, जी त्या काळच्या जपानी अ‍ॅनिमेशनमधली नेहमीची पद्धत नव्हती. मोटारसायकलींच्या दिव्यांमागे रेंगाळणाऱ्या लाल रेषा आजही संगणकावर कुणाला तितक्या सुंदर जमलेल्या नाहीत. संगीत गेइनोह यामाशिरोगुमी या समूहाचे : बालीचे गामेलान आणि जपानी नोह नाट्यातील गायन यांचा मेळ. भविष्यकाळाच्या चित्रपटाला शतकानुशतके जुने ध्वनी, हा निर्णयही माझ्या मुद्द्याला पुष्टी देतो असे मी मानतो. या बाबतीत कीर्तीतला एक शब्दही कमी करू नये.

२१/ मग पडतो कुठे? उत्तरार्धात. आणि ते ‘कथा कळत नाही’ या नेहमीच्या तक्रारीमुळे नव्हे. कथा कळते. पण मांगाचे सहा खंड, दोन हजारांहून अधिक पाने. चित्रपट १२४ मिनिटांचा, आणि तो बनला तेव्हा मांगा पूर्णही झालेली नव्हती (ती १९९० मध्ये संपली). काटछाट होणारच. प्रश्न आहे तो काय कापले याचा.

२२/ मांगात निओ-टोकियो निम्म्या वाटेवरच उद्ध्वस्त होते. पुढचे तीन खंड अवशेषांत घडतात. भुकेले, जखमी लोक मियाको नावाच्या वृद्ध धर्मगुरू बाईच्या देवळात अन्न-औषध घेतात. दुसरीकडे तेत्सुओभोवती एक ‘महान टोकियो साम्राज्य’ उभे राहते. नाव लक्षात घ्या! अमेरिकी नौदल येते, संयुक्त राष्ट्रांच्या फौजा येतात. आणि शेवटी कानेदा, केई व उरलेली पोरे त्या फौजांना मदतीसकट परत जायला सांगतात. १९४५ ते १९५२ या अमेरिकी ताब्याच्या काळावरचे इतके धाडसी भाष्य मी दुसऱ्या कुठल्या मांगात वाचलेले नाही. ते पटो न पटो, पण स्फोटानंतर माणसे काय करतात, जबाबदारी कुणाची, मदत कोणत्या अटींवर घ्यायची, हे प्रश्न तिथे आहेत.

२३/ चित्रपटात यातले काही नाही. मियाको एखाद्या वेड्या पंथाची पुढारी होऊन दोनचार दृश्यांत संपते. शहर शेवटच्या दहा मिनिटांत नष्ट होते, पांढरा प्रकाश सगळे गिळतो आणि त्या प्रकाशात बहुधा एक नवे विश्व जन्माला येते. ढगांतून ऊन पडते. नायक दुचाकीवरून निघून जातात. लाखो मृतांचे काय? बरण्यांत मूल भरून ठेवणाऱ्यांचे काय? कुणी विचारत नाही, कारण प्रकरण आता विश्वाच्या पातळीवर गेलेले आहे. जिथे ‘हे कुणी केले?’ असे विचारायला हवे, तिथे चित्रपट आकाशाकडे बोट दाखवतो. दृश्य म्हणून ते अप्रतिम आहे, हीच तर अडचण.

२४/ दुसरी अडचण कर्नल. राजकारणी सगळे भ्रष्ट, नेझू पैशांनी भरलेली बॅग छातीशी धरून गल्लीत मरतो, शास्त्रज्ञ कुतूहलापोटी आंधळा, क्रांतिकारी हतबल. सगळ्या चित्रपटात एकच जबाबदार प्रौढ : परिषदेला अटक करून लष्करी बंड करणारा कर्नल शिकिशिमा. प्रेक्षक त्याच्या बाजूने उभा राहतो. मीही राहिलो. पण २६ फेब्रुवारी १९३६ रोजी टोकियोत तरुण लष्करी अधिकारी नेमके हेच म्हणत बराकींतून बाहेर पडले होते, की राजकारणी कुजलेत, देश सैनिकच वाचवतील. त्यांनी अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांना त्यांच्या घरात मारले. बंड मोडले गेले, पण त्यानंतर राजकारणावर सैन्याची पकड घट्टच होत गेली आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. इतके सगळे आठवणाऱ्या चित्रपटाने नेमके हे विसरावे?

२५/ स्त्रियांबद्दल एवढेच, की केईला मांगात जे मन आहे ते चित्रपटात उरलेले नाही, आणि काओरी हे पात्र तर मार खाण्यासाठी व चिरडले जाण्यासाठीच असल्यासारखे वाटते. याला काळाची मर्यादा म्हणून मी तरी सूट देणार नाही. त्याच वर्षी, एप्रिल १९८८ मध्ये, ईसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’ आला होता. कोबेच्या बॉम्बहल्ल्यात निराधार झालेल्या भावाबहिणीची ती कथा. तिथे चार वर्षांची मुलगीदेखील पूर्ण माणूस आहे.

२६/ हे लिहून झाल्यावर मसुदा एका मैत्रिणीला वाचायला दिला. ती पुण्यात जपानी शिकते, वरच्या पातळीच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिचा आक्षेप असा : “तू चित्रपटाकडे पाठ्यपुस्तकाची अपेक्षा करतोयस. अणुबॉम्ब पाहिलेल्या लोकांच्या मुलांनी त्या प्रकाशाचे काय करायचे? त्यांना तो आकाशात नेऊन सोडायचा असेल तर सोडू दे की.”

२७/ यावर मी दोन दिवस विचार केला. तिचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. हिरोशिमाविषयी ताबाकाळात मोकळेपणाने लिहिण्यावर बंधने होती. १९५४ मध्ये अमेरिकी हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख ‘दाइगो फुकुर्‍यू मारू’ या मासेमारी बोटीवर पडली आणि त्याच वर्षी ‘गोजिरा’ पडद्यावर आला. जे थेट बोलता येत नव्हते ते राक्षसाच्या रूपाने आले. ‘अकिरा’चा पांढरा गोल त्याच परंपरेतला आहे, आणि दोन्ही चित्रपट तोहो याच कंपनीने चित्रपटगृहांत आणले. पण ‘गोजिरा’च्या शेवटी एक शास्त्रज्ञ आपल्या शोधाची जबाबदारी स्वतःवर घेतो आणि त्यासाठी मरतो. ‘अकिरा’तला शास्त्रज्ञ आकडे पाहत पाहत चिरडला जातो. मरण दोघांनाही येते. निर्णय एकच घेतो. म्हणून माझा आक्षेप मी मागे घेत नाही. थोडा सौम्य करतो, इतकेच.

२८/ तर, कीर्ती रास्त आहे का? पहिल्या तासासाठी आणि त्या बरण्यांसाठी, होय, आणि अजून थोडी अधिक मिळाली तरी चालेल. शेवटासाठी नाही. शेवट हवा असेल तर मांगाचा सहावा खंड मिळवा. आणि ‘१४७ दिवस’वाले चित्र पुन्हा कुणी पाठवले तर त्याला एवढेच विचारा, की १९४३ मध्ये त्याच मैदानावर काय झाले होते.

२९/ जाता जाता त्या फलकाविषयी. ते दृश्य थांबवून मैत्रिणीने मला फलक पूर्ण वाचून दाखवला. दिवसांच्या आकड्याखाली आणखी एक ओळ आहे, ऑलिंपिक जनतेच्या बळावर यशस्वी करू या, अशा अर्थाची. ‘रद्द करा’ हे खरडणाऱ्याने नेमकी तीच जागा निवडली आहे. मी चित्रपट चार वेळा पाहिला होता आणि ती ओळ मला कधी दिसलीच नव्हती, कारण मला ती लिपी वाचता येत नाही. १ तारखेपासून शिकवणी लावली आहे.

३०/ पुढचा धागा १९६० च्या आनपो आंदोलनावर. मिचिको कांबा हिच्याबद्दल तिथे सविस्तर लिहीन.